विदा आणि प्रश्न यांच्यामधला दुभाष्या : डेटाबेस ड्रायव्हरचा इतिहास

९ जानेवारी २०२५ रोजी 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची विदा देशातील संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची बातमी आपण वाचली असेल. सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकीय अनुक्रम, त्यासाठी एकत्र आलेल्या २० संस्था आणि ही सारी संपदा जतन करणारे फरिदाबादचे भारतीय जैविक विदा केंद्र, असे त्या बातमीचे स्वरूप होते. अशा बातम्यांत आपण यंत्रांविषयी वाचतो, साठवणुकीच्या अवाढव्य क्षमतेविषयी वाचतो, धोरणांविषयीही वाचतो. पण उद्या कोणी संशोधक आपल्या संगणकावर बसून एखाद्या विदागाराला एक साधा प्रश्न विचारू लागेल, तेव्हा तो प्रश्न तिथवर नेणारा आणि उत्तर परत आणणारा कोण, याची वार्ता कुठेच नसते.

त्या मध्यस्थाला संगणकशास्त्रात 'ड्रायव्हर' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द सुचवायचा झाला तर मी 'दुभाष्या' म्हणेन. एका बाजूला प्रोग्रॅमरची भाषा, दुसऱ्या बाजूला डेटाबेसची भाषा आणि मध्ये हा. दुभाष्याने एक शब्द चुकवला तर दोन्ही पक्षांना त्याचा पत्ता लागत नाही. दोघांनाही आपापले संभाषण सुरळीत चालले आहे असेच वाटते. माझ्या पीएचडीच्या काळात अशाच एका चुकलेल्या शब्दाने माझे कित्येक महिने खाल्ले. ती हकीकत पुढे येईलच. पण आधी हा दुभाष्या जन्मला कसा, ते पाहू.

कॉडचा वायदा आणि त्यातली त्रुटी

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी मोठ्या सामायिक विदागारांसाठी 'रिलेशनल' प्रारूप मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये माहिती शोधायची तर ती कोणत्या वाटेने साठवली आहे, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावे लागे. एका नोंदीवरून दुसरीकडे, दुसरीवरून तिसरीकडे अशी वाट तुडवत जायचे आणि मांडणी बदलली की प्रोग्रॅम मोडायचा. कॉड यांनी म्हटले की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, विचारणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे आणि 'कसे शोधायचे' ते यंत्राने पाहावे.

या कल्पनेवर दोन ठिकाणी मोठे काम झाले. सॅन होजे येथे आयबीएमचा 'सिस्टिम आर' प्रकल्प आणि बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांचा 'इंग्रेस'. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची जी भाषा मांडली, तीच पुढे 'एसक्यूएल' झाली. १९७९ मध्ये ओरॅकलने आपला पहिला व्यापारी डेटाबेस बाजारात आणला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएलला मानकाचा दर्जा दिला.

वरवर पाहता येथे प्रश्न मिटायला हवा होता. सर्वांची भाषा एक झाली, मग अडचण कसली? अडचण अशी की मानक ठरले ते प्रश्नाच्या वाक्याचे. ते वाक्य डेटाबेसपर्यंत पोहोचवायचे कसे आणि उत्तर उचलायचे कसे, हे प्रत्येक कंपनीने स्वतःपुरते ठरवले होते. ओरॅकलची सी भाषेतली लायब्ररी निराळी, सायबेसची निराळी, इंग्रेसची आणखी निराळी. टपालाच्या पाकिटावरचा मजकूर सर्वत्र एकाच भाषेत, पण प्रत्येक गावच्या पेटीला वेगळ्या आकाराची फट, असा तो प्रकार होता.

एका डेटाबेससाठी एक पर्ल

१९८७ च्या डिसेंबरात लॅरी वॉल यांनी 'पर्ल' ही भाषा प्रसृत केली. मजकूर चाळणे, त्यातून हवे ते वेचणे आणि अहवाल तयार करणे यासाठी ती बनली होती. साहजिकच लोकांना वाटू लागले की ज्या भाषेत इतक्या सहज मजकूर हाताळता येतो, त्याच भाषेतून डेटाबेसशीही बोलता यावे.

केव्हिन स्टॉक यांनी ओरॅकलसाठी 'ओरापर्ल' केले, मायकेल पेप्लर यांनी सायबेससाठी 'सायबपर्ल' केले. इंग्रेस व इतरांसाठीही असे प्रयत्न झाले. पण त्या काळच्या पर्लला चालू असताना बाहेरचा भाग जोडून घेता येत नसे. म्हणून संपूर्ण पर्लच त्या कंपनीच्या लायब्ररीसह नव्याने बांधावे लागे. 'ओरापर्ल' हा पर्लला लावलेला जोड नव्हता. ते स्वतंत्र पर्लच होते. एकाच प्रोग्रॅममध्ये ओरॅकलमधून वाचून सायबेसमध्ये लिहायचे झाले, तर दोन्ही लायब्रऱ्या पोटात घेतलेले तिसरे पर्ल बांधणे आले. शिवाय प्रत्येकातील आज्ञांची नावे व त्यांचे वागणे वेगळे. कार्यालयाने डेटाबेस बदलला की प्रोग्रॅमरने सारे पुन्हा लिहायचे.

१९९२ च्या सप्टेंबरात या मंडळींमध्ये ई-मेलवरून चर्चा सुरू झाली. बझ मोशेट्टी, केव्हिन स्टॉक, मायकेल पेप्लर, टिम बन्स अशा अनेकांनी मिळून सर्व डेटाबेससाठी एकच बोलण्याची रीत ठरवायला घेतली. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरी करणारी ही माणसे होती आणि त्यांतील कोणालाही या कामाचे वेतन मिळत नव्हते. दोन वर्षे आराखड्यावर खल चालला. १९९४ च्या ऑक्टोबरात पर्लची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात 'मॉड्यूल' ही सोय होती आणि सी भाषेत लिहिलेला भाग प्रोग्रॅम चालू असतानाच जोडून घेण्याचीही सोय होती. टिम बन्स यांनी या नव्या पायावर रचना उभी केली, तीच 'डीबीआय', म्हणजे डेटाबेस इंटरफेस.

तिची मुख्य कल्पना दोन मजल्यांची आहे. वरच्या मजल्यावर 'डीबीआय' : प्रोग्रॅमर केवळ याच्याशी बोलतो. खालच्या मजल्यावर 'डीबीडी', म्हणजे ड्रायव्हर : प्रत्येक डेटाबेससाठी एक. ओरॅकलचा ड्रायव्हर ओरॅकलच्या लायब्ररीशी बोलतो, पोस्टग्रेसचा पोस्टग्रेसच्या लायब्ररीशी. वरचा मजला कोणत्याही डेटाबेसची भाषा जाणत नाही. खालच्या मजल्याला प्रोग्रॅमरची गरज ठाऊक नसते. दोहोंमधला करार मात्र लेखी आणि स्थिर : आधी जोडणी करायची, मग प्रश्न सिद्ध करायचा, मग तो अमलात आणायचा, मग एकेक ओळ उचलायची. डेटाबेस बदलला तर जोडणीची एक ओळ बदलावी, बाकी प्रोग्रॅम बहुतांशी तसाच राहावा, अशी ही योजना होती.

हा विचार एकट्या पर्लचा नव्हता. १९९२ मध्येच मायक्रोसॉफ्टने 'ओडीबीसी' आणले. तिथेही वर एक व्यवस्थापक आणि खाली ड्रायव्हर अशीच मांडणी होती. १९९७ मध्ये जावाबरोबर 'जेडीबीसी' आले. पायथनच्या मंडळींनीही अशीच सामाईक रीत ठरवली आणि १९९९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती मांडली. एकाच दशकात चार निरनिराळ्या गटांनी एकाच आकाराचे उत्तर शोधले, यावरून गरज किती सार्वत्रिक होती ते कळते.

जनुकांच्या प्रयोगशाळेत

याच सुमारास मानवी जनुकसंचयाचे वाचन जोरात सुरू होते. १९९६ मध्ये लिंकन स्टाइन या जीवशास्त्रज्ञाने 'द पर्ल जर्नल' या नियतकालिकात एक लेख लिहिला. पर्लने मानवी जीनोम प्रकल्प कसा वाचवला, हा त्याचा विषय. शीर्षकात थोडी अतिशयोक्ती असेलही, पण अडचण खरी होती. अटलांटिकच्या दोन बाजूंच्या मोठ्या केंद्रांनी आपापली विदा आपापल्या पद्धतीने साठवली होती आणि एकमेकांची विदा त्यांना सरळ वाचता येत नव्हती. प्रत्येक प्रयोगशाळेतल्या छोट्या छोट्या पर्ल प्रोग्रॅमनी ही दरी बुजवली.

पुढे १९९९ मध्ये इंग्लंडमधील हिंक्स्टन येथे 'एन्सेंबल' प्रकल्प सुरू झाला. जनुकसंचयाचा नकाशा 'मायएसक्यूएल' या डेटाबेसमध्ये, त्याच्यापर्यंत जाण्यासाठी पर्लमध्ये लिहिलेली साधने आणि त्यांच्या तळाशी 'डीबीआय' व मायएसक्यूएलचा ड्रायव्हर. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी त्या नकाशाला जे असंख्य प्रश्न विचारले, त्यांतील कितीतरी याच दुभाष्याच्या हातून गेले. शोधनिबंधांच्या ऋणनिर्देशात मात्र त्याचे नाव क्वचितच दिसते.

खगोलशास्त्रातही तेच घडले. 'स्लोन' आकाश-सर्वेक्षणाची विदा जिम ग्रे आणि अलेक्झांडर झालाय यांनी रिलेशनल डेटाबेसमध्ये बसवली आणि २००१ मध्ये 'स्कायसर्व्हर' या नावाने ती सर्वांना खुली झाली. आकाशाला आता एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारता येऊ लागले. आपल्याकडे पुण्याच्या आयुकाने पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीच्या सहकार्याने 'व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया' प्रकल्प चालवला आणि अशा विदेचे आलेख काढणारी 'व्हीओप्लॉट'सारखी साधने घडवली. दुर्बीण दुसऱ्याची असली तरी तिच्या विदेवरचे संशोधन आपले असू शकते, हा धडा माझ्या पिढीतल्या अनेक विद्यार्थ्यांना अशा प्रयत्नांतून मिळाला.

चार आज्ञा

आता हा ड्रायव्हर प्रत्यक्षात संगणकावर येतो कसा, ते पाहू. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फिनलंडमध्ये यार्को हिएतानिएमी यांच्या पुढाकाराने 'सीपॅन' हे पर्ल मॉड्यूलचे सामाईक भांडार सुरू झाले. जगात कोणीही लिहिलेले मॉड्यूल तिथे ठेवायचे आणि कोणीही ते उतरवून घ्यायचे, अशी ती व्यवस्था. 'डीबीआय' आणि तिचे ड्रायव्हर तिथेच मिळू लागले.

उतरवलेले मॉड्यूल तयार खाद्यपदार्थासारखे नसते. तो शिधा असतो. स्वयंपाक आपल्याच संगणकावर करायचा. त्यासाठी चार आज्ञा एकामागून एक द्यायच्या. त्या क्रमाला जवळजवळ मंत्राचे स्वरूप आले आहे.

पहिली आज्ञा 'पर्ल मेकफाईल.पीएल'. ही पाहणी आहे. या संगणकावर कोणते पर्ल आहे, सी भाषेचा कंपायलर कोणता, डेटाबेसची लायब्ररी कोणत्या कप्प्यात ठेवली आहे, तिच्या घोषणा-फायली सापडतात की नाही, हे सारे तपासून ती बांधकामाचा नकाशा लिहून देते. ओरॅकलच्या बाबतीत तो डेटाबेस कुठे वसला आहे हे आधी सांगावे लागते. पोस्टग्रेसच्या बाबतीत त्याचीच एक छोटी उपयोजिका आपला पत्ता सांगते. निम्मे लोक अडखळतात ते इथे. त्यांच्याकडे डेटाबेस असतो, पण बांधकामाला लागणाऱ्या घोषणा-फायली वेगळ्या पुडक्यात असतात आणि ते पुडके कोणी आणलेलेच नसते.

दुसरी आज्ञा 'मेक'. हे साधन १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिले. कोणता भाग कशावर अवलंबून आहे ते पाहून, जे बदलले आहे तेवढेच ते पुन्हा बांधते. इथे पर्ल आणि सी यांच्यामधल्या सांध्याची संहिता आधी सी भाषेत उतरते, मग तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते आणि शेवटी एक जोडता येण्याजोगी फाईल तयार होते. ड्रायव्हरचा देह तो हाच.

तिसरी आज्ञा 'मेक टेस्ट'. मॉड्यूलच्या लेखकाने सोबत पाठवलेल्या चाचण्या एकेक करून चालतात. प्रत्येक चाचणी एका ओळीत आपला निकाल सांगते : 'ओके' किंवा 'नॉट ओके' आणि पुढे क्रमांक. एकूण किती चाचण्या होणार हेही सांगितले जाते, म्हणजे मध्येच कोणी गळपटला तर लक्षात यावे. ही साधी पद्धत पर्लच्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेली आहे आणि आज इतर भाषांनीही ती उचलली आहे.

पण ड्रायव्हरची चाचणी इतर मॉड्यूलपेक्षा कठीण असते. गणिताचे मॉड्यूल जागच्या जागी तपासता येते. दुभाष्याला तपासायचे तर समोर बोलणारा पक्ष हवा, म्हणजे चालू स्थितीतला डेटाबेस हवा, त्यात प्रवेश हवा, तक्ता बनवण्याची आणि मोडण्याची मुभा हवी. ओरॅकलच्या ड्रायव्हरच्या चाचण्या वर्षानुवर्षे 'स्कॉट' हे नाव आणि 'टायगर' हा परवलीचा शब्द गृहीत धरून चालत. ओरॅकलचे एक आरंभीचे कर्मचारी ब्रूस स्कॉट यांच्यावरून हे नाव आले आणि टायगर ही त्यांच्या मुलीची मांजर. जगभरातील डेटाबेस-शिक्षणात ती मांजर अमर झाली आहे. मात्र कोणत्याही शहाण्या संस्थेने हे खाते बंद केलेले असते आणि मग चाचण्या चालतच नाहीत. परिणामी चाचणीची पायरी वगळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो तो नेमका ड्रायव्हरच्या बाबतीत.

चौथी आज्ञा 'मेक इन्स्टॉल'. तयार झालेल्या फायली ठरलेल्या कप्प्यांत ठेवल्या जातात आणि त्या क्षणापासून संगणकावरचा प्रत्येक पर्ल प्रोग्रॅम हा दुभाष्या कामाला लावू शकतो. येथेही एक खोच आहे. बांधताना सापडलेली लायब्ररी चालवताना सापडेलच असे नाही. तिची वाट दुसऱ्या मार्गाने सांगावी लागते. दुपारी चाललेला प्रोग्रॅम रात्री आपोआप चालू होताना मोडतो, याचे कारण बरेचदा हेच असते.

माझी चूक

आता ती हकीकत. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी दीर्घिकांच्या रंगांचा अभ्यास करत होते. स्लोन सर्वेक्षणातील काही विदा मी आमच्या गटाच्या डेटाबेसमध्ये उतरवून घेतली होती आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या ३२-बिट संगणकावरून तिचे विश्लेषण चालवत होते. त्या संगणकावर ड्रायव्हर बसवताना 'मेक टेस्ट' अडले. बहुतेक चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. मोठ्या पूर्णांकांविषयीची एक तेवढी 'नॉट ओके' होती. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांसमोर आलेख ठेवायचा होता. चाचणी अनुत्तीर्ण असली तरी मॉड्यूल बसवा, असे सांगणारी 'फोर्स' ही आज्ञा मला ठाऊक होती. मी ती दिली.

आलेख आले आणि चांगले आले. फक्त काही दीर्घिकांचे रंग विचित्र दिसत होते. मी त्यांचे स्पष्टीकरण शोधू लागले : धूळ असेल, शेजारच्या दीर्घिकेचा प्रकाश मिसळला असेल, कदाचित काही नवेच असेल. या 'काही नवेच'मध्ये मी कित्येक महिने घालवले, एका परिषदेसाठी सारांशही लिहिला.

शेवटी एका रात्री मी वैतागून दीर्घिकांचे ओळखक्रमांकच पडद्यावर छापून पाहिले. या सर्वेक्षणात प्रत्येक वस्तूला १९ अंकी क्रमांक असतो. पडद्यावर मात्र आले '१.२३७६४८७२०६९३७६ गुणिले १० चा १८ वा घात'. एकामागून एक, अनेक वस्तूंसमोर तीच संख्या.

कारण सरळ होते. ३२-बिट यंत्राला १९ अंकी पूर्णांक पूर्णांक म्हणून धरता येत नव्हता, म्हणून तो दशांश-संख्येच्या रूपात साठवला जात होता. ते रूप सुमारे १५-१६ अंकांपर्यंतच विश्वासार्ह असते. शेवटचे अंक गळत होते, आणि आकाशाच्या एकाच तुकड्यातील वस्तूंचे क्रमांक नेमके शेवटच्या अंकांतच वेगळे असतात. दोन तक्त्यांची जुळणी मी प्रोग्रॅममध्ये या क्रमांकावरून करत होते. त्यामुळे एका दीर्घिकेसमोर शेजारच्या भलत्याच वस्तूंची तेजस्विता येऊन बसत होती. डेटाबेसमधली विदा अचूक होती. माझी सूत्रे अचूक होती. मधल्या माणसाने नावे अर्धवट उच्चारली होती.

आणि त्याने तसे सांगितलेही होते. त्या एका 'नॉट ओके' ओळीत नेमकी हीच सूचना होती. ती चाचणी कोणा अनोळखी माणसाने, बहुधा स्वतः असाच पोळून निघाल्यावर, माझ्यासारख्यांसाठी लिहून ठेवली होती. परिषदेचा सारांश मी मागे घेतला. मार्गदर्शकांना सारे सांगितले, तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की आधीच्या दोन आलेखांतही हाच ड्रायव्हर होता का. होता. ते आलेखही पुन्हा करावे लागले.

दुरुस्तीचेही मोल असते

ड्रायव्हर राखणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९९८ पासून 'सीपॅन टेस्टर्स' या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक नवनवी मॉड्यूल आपापल्या संगणकांवर बांधून, चाचण्या चालवून निकाल लेखकांना कळवत आले आहेत. निरनिराळी यंत्रे, निरनिराळ्या आवृत्त्या. एका लेखकाला घरबसल्या इतक्या परिस्थिती कधीच निर्माण करता आल्या नसत्या. पण ड्रायव्हरच्या बाबतीत येथेही तीच अडचण येते : परीक्षकाकडे डेटाबेस नसेल तर चाचण्या वगळल्या जातात. 'एसक्यूएलाइट'च्या ड्रायव्हरने यातून सुंदर वाट काढली. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला हा डेटाबेस इतका आटोपशीर आहे की मॅट सर्जंट यांनी त्याची संपूर्ण संहिता ड्रायव्हरच्याच पुडक्यात घातली. दुभाष्या आणि यजमान एकाच गाठोड्यात आले आणि चाचणी कुठेही, कोणालाही करता येऊ लागली.

२०१७ मधले मायएसक्यूएलच्या पर्ल ड्रायव्हरचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. युनिकोड मजकूर हाताळताना त्यात जुने दोष होते. आपल्या देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते. ड्रायव्हरने त्या बाइटना अक्षरे मानायचे की नुसते बाइट, यात गोंधळ झाला की 'पुणे'चे अगम्य चिन्हांत रूपांतर होते. नव्या आवृत्तीत हे दोष दुरुस्त केले गेले. पण वर्षानुवर्षे लोकांनी आपले प्रोग्रॅम त्या दोषांना सांभाळून लिहिले होते. दुरुस्तीनंतर त्यांचेच प्रोग्रॅम मोडू लागले. तक्रारींमुळे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती मागे घ्यावी लागली. ज्यांना योग्य वर्तन हवे होते त्यांनी त्यातून 'मारियाडीबी'साठी स्वतंत्र ड्रायव्हरची शाखा काढली. पायाभूत साधनातली चूक वेळेवर सुधारली नाही तर तिच्यावर इमारती उभ्या राहतात आणि मग चूक सुधारणे हाच अपराध ठरतो.

पुन्हा फरिदाबादकडे

राष्ट्रीय विदा केंद्रे उभी राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जनुकीय विदा असो, आदित्य-एल१ ची निरीक्षणे असोत किंवा पुण्याजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीचे संग्रह असोत, भारतीय विदेवर भारतीय विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारण्याचे दिवस आले आहेत. अशा संग्रहांत मोजमापे बहुधा मोठमोठ्या फायलींत असतात. पण कोणती फाईल कोणत्या नमुन्याची, हे सांगणाऱ्या नोंदी आणि ओळखक्रमांक डेटाबेसमध्ये असतात. तिथे एक क्रमांक अर्धवट वाचला गेला तर एका व्यक्तीचा आजार दुसऱ्या व्यक्तीच्या जनुकांशी जोडला जाईल. माझ्या चुकीत काही दीर्घिकांचे रंग बिघडले. कोणाचे काही गेले नाही. वैद्यकीय विदेत तसे म्हणता येणार नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शोधनिबंधात दुर्बिणीचे किंवा यंत्राचे नाव लिहितो तसे ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्तीही लिहावी; एका ओळीचे काम आहे. दुसरी, विदा केंद्रांनी चाचणीसाठी एक छोटा, खोट्या नोंदींचा डेटाबेस खुला ठेवावा, म्हणजे ड्रायव्हर बसवणाऱ्या विद्यार्थ्याला चाचणी वगळण्याचे निमित्त उरणार नाही. त्यात एक १९ अंकी क्रमांक, एक रिकामा रकाना आणि एक देवनागरी नाव जरूर असावे. तिसरी, अशा साधनांची देखभाल हे संशोधनकार्य मानून त्यासाठी पदे आणि निधी द्यावा. गेली तीस वर्षे जगाच्या विज्ञानाने हे काम मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालवून घेतले आहे.

माझ्या गटात आता नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात एक काम देते : एक ड्रायव्हर मूळ संहितेपासून बांधायचा, त्याच्या सर्व चाचण्या चालवायच्या आणि जी चाचणी 'नॉट ओके' येईल ती कशासाठी लिहिली असावी, हे अर्ध्या पानात लिहून आणायचे. बहुतेकांना हे काम सुरुवातीला निरर्थक वाटते. मागच्या वर्षी एका मुलीने ते अर्धे पान आणताना विचारले, "मॅडम, ही चाचणी लिहिणाऱ्याला कळवायला हवे ना, की ती इथे अडली म्हणून?" तिने त्याच दिवशी ते कळवले. आठवडाभरात त्या अनोळखी लेखकाचे आभाराचे उत्तर आले आणि सोबत दुरुस्तीही आली.